जमीन गेली, आणि आपण पिकाचे पैसे मोजतोय

२०२५ च्या सप्टेंबरात सीना, मांजरा आणि गोदावरीच्या काठांवर पुराने शेतीचे जे नुकसान केले, त्याच्या मदतीवरचा वाद पुण्यात अजून मिटलेला नाही. एका बाजूला ‘आमच्या करातून किती दिवस देत राहायचे’ असे विचारणारे आहेत. दुसऱ्या बाजूला सरसकट मदत, संपूर्ण कर्जमाफी आणि ओला दुष्काळ या तीन मागण्या आहेत. हा विषय या शहराला परका नाही. सदाशिव पेठेत, नव्या पेठेत खोल्या घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या कितीतरी मुलामुलींची घरे परांडा, भूम, करमाळा, माढा या तालुक्यांत आहेत. त्याच पुरामुळे राज्यसेवेची पूर्वपरीक्षा २८ सप्टेंबरवरून ९ नोव्हेंबरला न्यावी लागली. तरीही दोन्ही बाजूंचे भांडण एकाच प्रश्नावर येऊन थांबते: हेक्टरी किती? हेक्टरी कशाचे, हे विचारायला कोणी तयार नाही.

माझे म्हणणे असे आहे. पीक बुडणे आणि जमीन जाणे ही दोन वेगळी नुकसाने आहेत. पहिले एका हंगामाचे, दुसरे एका पिढीचे. पहिल्याला मदत लवकर मिळाली पाहिजे, मग ती थोडी असली तरी चालेल. दुसऱ्याला मदत मोठी हवी, तीन वर्षे चालणारी हवी, काम पाहून हप्त्याहप्त्याने मिळणारी हवी, आणि ती देणे सरकारचे कर्तव्य मानले गेले पाहिजे. मग जमीन पुराने गेलेली असो, दरडीने गेलेली असो की वणव्याने. आज आपण दोन्ही नुकसाने एकाच पंचनाम्यात टाकतो. त्यामुळे पीक बुडालेल्याला पुरेसे मिळत नाही आणि जमीन गमावलेल्याच्या हाती तर जवळपास काहीच लागत नाही.

जमीन खरडून जाणे म्हणजे काय, हे बांधावर उभे राहिल्याशिवाय उमगत नाही. वरचा काळा थर निघून जातो आणि खालचा मुरूम उघडा पडतो. ताली म्हणजे शेताचे बांध फुटतात, विहीर गाळाने भरते, ठिबकच्या नळ्या ओढ्यातल्या झुडपांत गुंतलेल्या सापडतात. आता साधा हिशेब करू. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर फक्त एक फूट माती परत टाकायची म्हटले तरी तीन हजार घनमीटर माती लागते, म्हणजे हजाराहून जास्त ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). केंद्राच्या आपत्ती मदतीच्या निकषांत दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलून जमीन गेली तर हेक्टरी ४७ हजार रुपये आहेत, तेही अल्प आणि अत्यल्प भूधारकांना. भागाकार करून पाहा, ब्रासला ४४ रुपये पडतात. माती उकरायची, भरायची, टिपरने शेतापर्यंत आणायची आणि पसरायची, हे सगळे त्या ४४ रुपयांत. शेतात तीन इंचांहून जास्त गाळ किंवा वाळू साचली असेल तर ती काढायला हेक्टरी १८ हजार. तीन इंचांचा थर म्हणजे साडेसातशे घनमीटर, अडीचशे ब्रासच्या वर. ज्याने हे दर ठरवले त्याने टिपरचे भाडे विचारले असते तर हे आकडे कागदावर आलेच नसते.

ही दोन नुकसाने वेगळी आहेत, हे सरकारला आज नव्याने शिकवावे लागते याचेच आश्चर्य वाटते. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याहून सावकारांविरुद्धचे दंगे पेटले, पाठोपाठ १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. त्यानंतर इंग्रज सरकारने तगाईचे, म्हणजे शेतकऱ्यांना सरकारी कर्ज देण्याचे, दोन स्वतंत्र कायदे केले. १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा बी-बियाण्यांसाठी, बैलांसाठी आणि अडचणीतल्या हंगामासाठी होता. त्याच्या एक वर्ष आधी, १८८३ मध्ये, जमीन सुधारणा कर्ज कायदा आला होता. नदीच्या पाण्यातून जमीन परत मिळवणे, पुरापासून आणि धुपीपासून तिचे रक्षण करणे ही कामे त्यात स्पष्ट लिहिली होती आणि परतफेडीची मुदत ३५ वर्षांपर्यंत होती. त्या सरकारला रयतेचा कळवळा होता असे मी म्हणत नाही. त्याला शेतसारा वसूल करायचा होता आणि तगाईवर तो व्याजही घेत होता. पण जमिनीची दुरुस्ती ही लांब पल्ल्याची गुंतवणूक असते आणि बियाणे ही हंगामाची गरज, एवढे त्याला कळत होते. जे परक्या सरकारला वसुलीसाठी कळले, ते आपल्या सरकारला आपल्या माणसांसाठी कळू नये?

आता विरोधी बाजूचे म्हणणे ऐकू, कारण त्यात दम आहे. पहिला आक्षेप पैशाचा. राज्याच्या तिजोरीवर आधीच मोठ्या योजनांचा भार आहे आणि शेतकरी, उद्योग, शहरे सगळेच हात पसरून उभे आहेत, हे खरे. पण जमिनीच्या दुरुस्तीला किती लागतात ते तरी पाहू. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि ३ लाख रुपये रोजगार हमीतून, असे मिळून ३ लाख ४७ हजार धरले. अशी जमीन सुमारे ६० हजार हेक्टर असल्याचे सांगितले गेले. गुणाकार केला तर रक्कम २ हजार ८० कोटींच्या आसपास येते, म्हणजे पॅकेजचा जेमतेम पंधरावा हिस्सा. बाकीचे पैसे लाखो हेक्टरांवर पातळ पसरले जातात. रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी १० हजार हे त्याचे उदाहरण. तेव्हा तिजोरी जमिनीच्या दुरुस्तीने रिकामी होते, या म्हणण्याला आधार नाही. उलट हे ६० हजार हेक्टर पडीक राहिले तर त्यावर जगणारी कुटुंबे दर वर्षी मदतीच्या रांगेत उभी राहतील, किंवा हडपसर-चाकणला कामाच्या शोधात येतील.

हेक्टरी तीन लाखांची कल्पना मांडली गेली, तिचे श्रेय सरकारला द्यायलाच हवे. आजवरच्या कोणत्याही पॅकेजमध्ये माझ्या मते ही सर्वांत योग्य दिशा होती. अडचण आहे ती वाटेची. रोजगार हमीच्या चौकटीत खर्चाचा किमान ६० टक्के भाग मजुरीवर जायला हवा, यंत्र-सामानाला उरतो तो ४० टक्के, आणि मजुरांचे काम हिरावणारी यंत्रे टाळायची असतात. नियम चांगल्या हेतूने केलेला आहे. पण हजार ब्रास माती पाच-सात किलोमीटरवरच्या तलावातून घमेल्याने येत नाही. तिला पोकलेन लागते, टिपर लागतो. कोणी म्हणेल, १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने हजारो मजुरांच्या हातांनी बांध आणि पाझर तलाव उभे केले नाहीत का? केले, आणि वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीचे ते मोठेपण होते. मात्र बांधबंदिस्तीत तिथलीच माती उकरून तिथेच रचायची असते. इथे जागेवर मातीच उरलेली नाही. जे काम हातांचे आहे, म्हणजे ताली घालणे, दगड वेचणे, सपाटीकरणानंतरची बांधबंदिस्ती, ते रोजगार हमीतून व्हावे. माती आणण्याचा खर्च स्वतंत्र निधीतून झाला पाहिजे. नाहीतर तीन लाख हा आकडा भाषणात राहील आणि शेतकऱ्याच्या खात्यात ४७ हजारच पोचतील.

दुसरा आक्षेप भ्रष्टाचाराचा, आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. जालना जिल्ह्यात अतिवृष्टीच्या अनुदानात बोगस नावे घुसवल्याचे उघड झाले, तलाठी निलंबित झाले. ज्या गावात खरा नुकसानग्रस्त हेलपाटे घालतो त्याच गावात ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्या खात्यात पैसे पडतात, तेव्हा शहरातल्या माणसाचा विश्वास उडाला तर दोष त्याचा नाही. पण हा गैरव्यवहार कोणत्या प्रकारच्या मदतीत सोपा असतो, याचा विचार करा. पिकाचे नुकसान आठ-पंधरा दिवसांत दिसेनासे होते. पंचनाम्यात नुकसान मदतीच्या अटीतल्या ३३ टक्क्यांच्या पुढे की मागे हे एका माणसाच्या लेखणीवर ठरते. खरडलेली जमीन मात्र पुढच्या उन्हाळ्यातही तशीच असते. तिचे छायाचित्र घेता येते, खोली मोजता येते, उपग्रहाच्या चित्रात ती दिसते, आणि दुरुस्ती झाली की नाही हेही दिसते. काम पाहून हप्ता द्यायचा असेल तर बोगस लाभार्थ्याला आधी खोटी जमीन दुरुस्त करून दाखवावी लागेल. भ्रष्टाचाराची भीती वाटते त्यांनी या मदतीला विरोध करण्याऐवजी तिचाच आग्रह धरायला हवा.

आणि हे आपण करून पाहिलेले आहे, याच मराठवाड्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. ज्यांची घरे फक्त तडकली होती त्यांच्यासाठी दुसरी वाट काढली: घरमालकानेच दुरुस्ती करायची, अभियंत्याने येऊन पाहायचे आणि कामाचा टप्पा पुरा झाला की पुढचा हप्ता मिळायचा. त्यात चुका झाल्या, दिरंगाई झाली. पण एकरकमी पैसे देऊन हात झटकण्यापेक्षा ही पद्धत चांगली होती. घराच्या भिंतीसाठी आपण टप्पे मोजू शकलो, तर शेतासाठी का नाही?

तिसरा आक्षेप पुण्यात फार ऐकू येतो: ओढे बुजवून, नदीच्या काठापर्यंत नांगर घालून शेती केली, मग पाणी शेतात आले तर दोष कोणाचा? हे काही ठिकाणी शंभर टक्के खरे आहे. नाल्याचे पात्र अरुंद करून काढलेली जमीन पुन्हा भरून देणे म्हणजे पुढच्या पुराला आमंत्रण आहे, आणि त्यासाठी एक रुपयाही देऊ नये. नदीने पात्र बदलून कायमची घेतलेली जमीनही परत मिळवण्याचा हट्ट धरू नये. ती सरकारने वाजवी दराने विकत घ्यावी आणि काठाला मोकळी सोडावी. ४७ हजारांत ती गेली असे समजणे हा अन्याय आहे. मदतीला अट घाला: ओढ्यालगत ठरावीक पट्टा सोडायचा, त्यावर बांबू आणि गवत लावायचे, तो पट्टा पुन्हा नांगरला तर पुढच्या वेळी मदत नाही. पण हीच कसोटी शहराला लावायची आपली तयारी आहे का? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने टांगेवाला कॉलनी, अरण्येश्वर, सहकारनगर भागात जीव घेतले. त्यानंतर ओढ्याकाठच्या सोसायट्यांच्या सीमाभिंती सार्वजनिक पैशातून बांधा, ही मागणी याच शहराने केली. तेव्हा ओढा कोणी अरुंद केला, हा प्रश्न मदतीच्या आड आला नाही. येऊही नये. मग सीनेच्या काठी का येतो?

विम्याचा मुद्दा लवकर संपतो. पीक विमा पिकाचा असतो, मातीचा विमा कोणी उतरवत नाही. शिवाय २०२५ च्या खरिपापासून राज्यात स्थानिक आपत्तीसारख्या बाबी बाजूला ठेवून भरपाई पीक कापणी प्रयोगांवर, म्हणजे निवडक शेतांतले पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर, ठरते. महसूल मंडळाची, म्हणजे अनेक गावांची मिळून, सरासरी निघते, आणि नदीकाठचा शेतकरी माळावरच्या बऱ्या पिकाच्या सरासरीत बुडतो.

वणव्याबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण तो आपल्या खिडकीतून दिसतो आणि तरीही मदतीच्या चर्चेत कधी येत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात मुळशी, मावळ, भोर, वेल्हे या भागांतले डोंगर रात्री पेटलेले दिसतात. पुण्यात त्याची हळहळ होते ती झाडांसाठी आणि पक्ष्यांसाठी. ती योग्यच आहे. पण डोंगराच्या पायथ्याला शेतकरी आहे. त्याचे वरकस, म्हणजे उतारावरच्या हलक्या, जमिनीवरचे गवत जळते, खळ्याशेजारची पेंढ्यांची गंजी जळते, आंबा-काजूची कलमे होरपळतात, झऱ्यावरून आणलेला प्लास्टिकचा पाइप वितळतो. खरे नुकसान पुढे जूनमध्ये होते. गवताची मुळे आणि पालापाचोळा नसलेल्या उघड्या उतारावर पहिला मोठा पाऊस पडला की माती सुटते, ओघळीने खाली येते आणि भाताची खाचरे भरून टाकते, बांध फुटतात. मार्चमधली आग आणि जुलैतली माती हे एकाच नुकसानीचे दोन भाग आहेत. पण सरकारी वहीत त्यांची गाठ पडत नाही. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आग आहे. तरी मदतीचे तक्ते पीक, जनावर, घर यांच्याभोवती आखलेले आहेत. मार्चमध्ये वरकसात पीक नसते, म्हणून पिकाचे नुकसान नसते. जुलैत माती येते तेव्हा ती दरडही नसते आणि नदीने पात्रही बदललेले नसते. मग त्या खाचराच्या मालकाने कोणत्या रकान्यात बोट ठेवायचे?

यावर उत्तर येते की सह्याद्रीतले वणवे माणसेच लावतात. बहुतेक वणव्यांबाबत हे खरे आहे. नवे गवत चांगले फुटते या समजुतीने, शिकारीसाठी, राब भाजताना, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळताना, हलगर्जीपणाने, फिरायला आलेल्यांच्या विडी-सिगारेटने आग लागते. राखीव वनात आग लावणे १९२७ च्या वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, आणि लावणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण ज्याने लावली तो एक आणि ज्याचे जळाले तो दुसरा; मधे वारा असतो. कारण मानवी आहे म्हणून मदत नाही, हा नियम लावायचा तर तो १२ जुलै १९६१ ला पुण्याला आधी लागू झाला असता. पानशेतचे धरण ढगफुटीने फुटले नव्हते. काम अपुरे असताना त्यात पाणी साठवले गेले होते. त्या पुराने पेठा उद्ध्वस्त झाल्या आणि सरकारने पूरग्रस्तांना वसवले. गोखलेनगर, लोकमान्यनगर या वस्त्या त्यातूनच आल्या. काही रुपये हातावर ठेवून ‘आता तुमचे तुम्ही बघा’ असे पुणेकरांना सांगितले गेले नाही. जागा दिली, छप्पर दिले, आणि त्यावर दोन पिढ्या उभ्या राहिल्या. शहरातल्या माणसाचे घर जसे त्याच्या आयुष्याचा पाया, तशी शेतकऱ्याची माती. आपल्याला जे मिळाले ते आपण कृपा मानत नाही, हक्क मानतो. तोच हक्क मुळशीतल्या खाचराला नाकारायचा कशाच्या आधारावर?

वणव्याच्या मदतीलाही अट हवीच. जानेवारीअखेर ज्या गावाने वन विभागाबरोबर जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढल्या त्या गावाला जास्त वाटा द्यावा, आणि जाळरेषा काढण्याची मजुरी आधीच मिळावी. वणव्यानंतर पहिल्या पावसाआधी उतारावर समतल चर आणि दगडी बांध घालायला पैसे मिळाले तर खाली खाचरांची दुरुस्ती करावीच लागणार नाही. अमेरिकेत शेतजमीन पूर्ववत करण्यासाठी १९७८ च्या कायद्याने एक कायमचा कार्यक्रम आहे. पूर, वादळ, वणवा यांनंतर कचरा हटवणे, जमीन सपाट करणे, कुंपण पुन्हा उभे करणे यांच्या खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंत वाटा त्यातून मिळतो, गरीब शेतकऱ्याला ९० टक्क्यांपर्यंत. २०२४ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये १० लाख एकरांहून जास्त माळरान जळाले, तेव्हा लोक याच कार्यक्रमाकडे वळले. तिथली हजारो एकरांची रँच आणि आपला दीड एकराचा तुकडा यांची तुलना होत नाही, हे मला माहीत आहे. घेण्यासारखी गोष्ट एकच: पैसे हेक्टरावर नाहीत, कामावर आहेत. किती मीटर कुंपण, किती माती, किती सपाटीकरण.

आता शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे वळतो, कारण माझी त्यांच्याबद्दलची तक्रार जास्त दुखरी आहे. ‘सरसकट’ हा आग्रह समतेचा वाटतो, पण त्यात सर्वांत जास्त नुकसान झालेल्याचाच बळी जातो. माळावर सोयाबीन भिजलेला आणि नदीकाठी चार फूट खड्डे पडलेला, दोघांना सारखेच पैसे मिळाले तर पहिला पुढच्या जूनमध्ये पेरतो, दुसरा कशात पेरणार? कर्जमाफीचेही तसेच. तिने जुना बोजा उतरतो, पण माती नसलेल्या सातबाऱ्यावर नवे पीककर्ज काढून करायचे काय? १८९६ च्या दुष्काळात टिळकांनी आणि सार्वजनिक सभा या पुण्यातल्या संस्थेने गावोगाव माणसे पाठवून शेतकऱ्यांना सांगितले की दुष्काळ संहितेत शेतसारा तहकूब करून घेण्याचा आणि त्यात सूट मिळवण्याचा तुमचा हक्क लिहिलेला आहे, तो मागा. ते कलमावर बोट ठेवून लढले, म्हणून सरकारला ते झोंबले आणि १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली गेली. आज निकषांतली तीन इंचांची अट, अल्पभूधारकाची अट, रोजगार हमीतला ६०-४० चा नियम यावर एकही मोर्चा निघत नाही. बटाईने कसणाऱ्याला मालकाच्या खात्यातून काहीच मिळत नाही, यावरही नाही.

माती कुठून आणायची, हा प्रश्न उरतो. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहे. तलावातला गाळ शेतात नेण्यासाठी लहान शेतकऱ्याला एकरी १५ हजार रुपये मिळतात, अडीच एकरांपर्यंत. खरडलेल्या गटांना, म्हणजे जमिनीच्या तुकड्यांना, त्यात पहिला क्रमांक द्या आणि त्यांच्यासाठी मर्यादा वाढवा. जिथे वाळू साचली आहे तिथे पंजाबने २०२५ च्या पुरानंतर केले ते करा: ज्याचे शेत त्याची वाळू, काढायला आणि विकायला परवानगी लागली नाही. २००८ मध्ये कोसीने बिहारच्या शेतांवर टाकलेली वाळू वर्षानुवर्षे तशीच पडून राहिली. शेतकऱ्याला ती हलवणे परवडत नव्हते. आणि आणलेला गाळ पहिल्या वर्षी पिकत नाही. त्यात शेणखत जावे लागते, ताग किंवा धैंचा गाडावा लागतो. म्हणून तीन वर्षे. पहिला हप्ता माती आणि बांधाला, दुसरा खताला आणि विहिरीला, तिसरा शेतात पीक उभे राहिल्यावर. कामही एकेका गटाचे करून भागणार नाही. वरच्या शेजाऱ्याची ताल फुटलेलीच राहिली तर खालच्याची नवी माती पहिल्याच पावसात जाईल. ओढ्याचा एक काठ हे एक काम धरावे, यंत्रे गावाने एकत्र भाड्याने घ्यावीत.

यासाठी नवे महामंडळ नको, नवी समिती नको. कृषी आयुक्तालय पुण्यात आहे. जमाबंदी आयुक्त आणि भूमी अभिलेखांचे राज्य कार्यालयही पुण्यातच आहे. एकाकडे गावपातळीवरचे सहायक कृषी अधिकारी आहेत, दुसऱ्याकडे प्रत्येक गटाचा नकाशा. या दोघांनी येत्या पावसाळ्याआधी खरडलेल्या, गाळ साचलेल्या आणि वणव्याने उघड्या पडलेल्या गटांची एक वेगळी यादी करावी. त्यात गट क्रमांक, गेलेल्या मातीची खोली, छायाचित्र आणि कसणाऱ्याचे नाव असावे. ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि मगच पहिला हप्ता सोडावा.